लाखेचा शिक्का

"वैनी, औषध मिळालंय. दुपारच्याला पिलरपाशी ठेवतो. तुम्हीच या, दादाला पाठवू नका," दत्ता भावजी फोनवर एवढंच बोलले आणि मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

आत कॉटवर तेजू पडली होती. अकरा वर्षांची पोर, पण अंगात काही राहिलं नव्हतं. सकाळपासून नुसतं पाणी मागत होती. तांब्याभर पाणी प्यायची, नि पुन्हा "आई, पाणी" सुरू. तिच्या श्वासाला पिकून लिबलिबीत झालेल्या फळासारखा गोडसर वास यायला लागला होता. तो वास मी ओळखत होते. लहानपणी तिला साखरेचा आजार निघाला तेव्हाही असाच वास होता. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "बाई, हा वास आला की घरी थांबायचं नाही."

घरी थांबायचं नाही, पण जायचं कुठं? जिल्ह्याच्या दवाखान्यात करोनाचे पेशंट भरलेले. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही. बाजारातल्या औषधाच्या दुकानात इन्शुलिन संपून किती दिवस झाले होते. शेवटची बाटली आम्ही पुरवून पुरवून वापरली, निम्म्या निम्म्या मात्रेनं. ती पण आता कोरडी पडली होती.

"भावजींचा फोन होता," मी ह्यांना सांगितलं. हे थंड भट्टीपुढं बसले होते. काम बंद होतं, तरी माणूस बसायचा तिथंच.

"मी जातो," हे उठले.

"बसा खाली. तिथं बाप्या माणूस दिसला की बंदुका वर होतात. मी फुलमतीबरोबर गवताला जाते."

आता आमची माणसं इथं कशी, ते सांगायला पाहिजे. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याच्या बाजूचे. आमच्याकडं पाऊस नावालाच, म्हणून जुन्या पिढीपासून माणसं गलाईच्या धंद्यात गेली. सोनारांचं जुनं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करायचं, त्यांच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातला कण न् कण काढायचा. कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात एखादा आमच्याकडचा गडी भट्टी फुंकताना दिसंलच. आमचे हे तर देश ओलांडून नेपाळात येऊन बसलेले. आणि धाकटे भाऊ दत्ता भावजी समोरच्याच बाजारात, पण तो बाजार भारतात. मधे एक मैदान. मैदानाच्या मधोमध एक दगडी पिलर आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन्ही देशांनी सोडलेला गवताचा पट्टा. दसगजा म्हणतात त्याला. तो कुणाचाच नाही.

खरं सांगते, लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं की इथं हद्द आहे. गाई इकडनं तिकडं चरायच्या. तिकडची पोरं इकडच्या शाळेत यायची. दत्ता भावजी दर शनिवारी मैदान तुडवत यायचे, माझ्या हातची भाकरी नि पिठलं खायचे, तेजूला खांद्यावर घेऊन बाजारभर फिरवायचे. त्यांचं स्वतःचं लग्न जमलंच नाही कधी. जो जीव होता तो सगळा ह्या पोरीवर. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला ते सोन्याचा एक मणी करून आणायचे, बोरमाळेतला. "लग्नापर्यंत माळ पुरी करतो बघा वैनी," म्हणायचे. मी म्हणायचे, "कशाला दरवेळी?" तर म्हणायचे, "लेकराकडं रिकाम्या हातानं जाऊ नये."

मग करोना आला नि मैदानात दोन्हीकडनं बंदुकवाले उभे राहिले. त्यात वर दोन्ही सरकारांचं नकाशावरून वाजलं. कुठला डोंगर कुणाचा, ह्याचं भांडण. डोंगर तिकडं लांब, आम्ही सपाटीला. पण भांडण सपाटीला उतरायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या कुठल्यातरी नाक्यावर गोळी चालल्याची बातमी फिरली. बाजारात माणसं म्हणायला लागली, "रोग तिकडनंच येतो, ह्यांच्याकडनं." आमचा दूधवाला हरिनाथ, इतकी वर्षं ओसरीवर चहा पिऊन जायचा, तो आता लोटा दारात ठेवून रस्त्यावरूनच हाक मारायचा.

औषधासाठी दोघे भाऊ आपापल्या बाजूला फिरले, बरं का. इकडचा साहेब म्हणाला, तिकडची परवानगी आणा. भावजींना तिकडचा साहेब म्हणाला, इकडची आणा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत. म्हणून हा गवताचा मार्ग. दसगज्यातलं गवत कापायला बायका पूर्वीपासून जायच्या. दोन्हीकडच्या बायका, विळा नि बुट्टी घेऊन. एवढ्या भांडणातही ते कुणी बंद केलं नव्हतं, कारण गाई-म्हशींना नकाशा कळत नाही.

शेजारची फुलमतीदिदी थारू समाजाची, दोन म्हशी असलेली. मी तिला सांगितलं तसं तिनं काही विचारलं नाही. एक जुनी साडी माझ्या अंगावर टाकली नि म्हणाली, "डोक्यावरनं पदर घे. बोलू नको. तुझी बोली ऐकली की कळतं लगेच."

निघताना तेजूनं डोळे उघडले. "आई, काका येणारेत? माझा वाढदिवस होऊन गेला ना?"

"औषध येतंय बाळा."

"आणि मणी?"

"आधी औषध," मी म्हणाले. भावजींनाही आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "हे बघा, फक्त औषध. दुसरं काहीही नको."

मैदानात ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. जून महिना, वारा पडलेला. पिलरच्या अलीकडं आमच्या बाजूला एका झाडाखाली तीन सशस्त्र पोलीस बसले होते. त्यांच्यातला खड्का हवालदार मला ओळखत होता, म्हणून मी मान वर केली नाही. चांगल्या दिवसांत तो आमच्या दुकानात येऊन बसायचा, बायकोची कर्णफुलं तपासून घ्यायचा, भट्टीतली गंमत बघत चहा प्यायचा. पण मधल्या दिवसांत तोही बदलला होता. पलीकडं झाडीपाशी भारताचे जवान. आणि त्यांच्या मागं, बांधावर, पांढरा सदरा घातलेली एक उंच आकृती. भावजी. इतक्या दिवसांनी दिसले. पण हात करायची सोय नव्हती.

पिलरच्या पायथ्याशी कापलेल्या गवताचा एक ढीग होता. तिकडच्या कुणा बाईनं करून ठेवल्यासारखा. मी वाकून कापत कापत तिथं गेले. हात घातला. आत ओलं फडकं लागलं. थंडगार. देवा, म्हटलं, पावलास. गवतासकट कवळा उचलून मी बुट्टीत घातला.

आणि उचलतानाच ते फडकं निसटलं.

आत काय होतं सांगू? गुलाबी कागदाची पुडी. चारी बाजूंनी घड्या घालून, लाल दोऱ्यानं आडवी-उभी बांधलेली, आणि गाठीवर लाखेचा शिक्का. दुकानाच्या नावाचा. आमच्यात एका गलाईवाल्याकडून दुसऱ्याकडं सोनं जातं ते असंच. दुसरी रीत नाही. त्या माणसाला जिवापाड जपून काहीतरी पाठवायचं होतं, आणि जपायचं म्हणजे असं बांधायचं, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. औषध सोन्यासारखं बांधलं होतं त्यानं!

"काय हा माणूस!" मी मोठ्यानं म्हणाले, मराठीतच. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही ह्यांची."

बोलू नको म्हणून सांगितलं होतं ना फुलमतीनं? पण तोंड सुटलं. आणि तिकडं खड्काची मान वर झाली.

"ए! थांब!"

उन्हात ती लाख कुंकवासारखी चमकत होती. मी गवत वर ओढायच्या आत तो धावत आला. मागनं दोघं पोरगेले शिपाई. त्यानं बुट्टीतनं पुडी उचलली, उलटीपालटी केली. मग माझ्या पदराकडं, तोंडाकडं बघितलं.

"तुम्ही?" तो म्हणाला. बोलणं सगळं नेपाळीत, मी आपलं मराठीत सांगते; बहिनी म्हणजे धाकटी बहीण नि दाइ म्हणजे थोरला भाऊ, एवढे दोन शब्द तसेच ठेवते. "बहिनी, तुम्ही असलं काम करता?"

"औषध आहे दाइ. माझ्या पोरीचं. तेजूचं. तुम्ही बघितलंय तिला."

"औषधाला लाखेचा शिक्का?" तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मी तुमच्या दुकानात बसलोय. अशी पुडी तुमच्या नवऱ्याच्या हातात बघितलीय. मी विचारलं होतं आत काय असतं, तर तुम्हीच सांगितलं होतं. सोनं. आठवतं?"

मला आठवत होतं. मीच सांगितलं होतं, चहा देताना, मोठ्या कौतुकानं.

"फोडून बघा ना मग! हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"मी फोडू?" तो एक पाऊल मागं सरकला. "आणि उद्या साहेब म्हणतील, खड्कानं निम्मं काढून घेतलं. सोन्याची पुडी जशी सापडली तशी वर पाठवायची, असा हुकूम आहे. जिल्ह्याला जाईल. तिथं फोडतील."

"कधी?"

"गाडी येईल तेव्हा."

"दाइ, ते उन्हात नासतं! पोरगी..." मी हात पुढं केला. "द्या इकडं, मी फोडते."

"हात लावू नका!" एक शिपाई ओरडला नि बंदुकीची नळी माझ्या नि पुडीच्या मधे आडवी आली. फुलमती मटकन खाली बसली आणि तिच्या देवाचं नाव घ्यायला लागली.

पलीकडं गोंधळ झाला. भावजी पिलरकडं धावत सुटले होते. दोन जवानांनी त्यांना धरलं, एकानं दंडाला, एकानं सदऱ्याला. ते ओरडत होते, "वैनी! त्यांना सांगा औषध आहे! देवाशप्पथ औषध आहे!" मराठी कुणाला कळत होती तिथं? उलट सगळ्यांना वाटलं, काहीतरी इशारा देतोय. जवानांतला मिशीवाला, त्यांचा मोठा असावा, तो पुढं येऊन हिंदीत गरजला, "बाईवर बंदूक कसली रोखता? हद्दीत रहा!"

"तुम्हीच रहा हद्दीत!" इकडनं खड्का. "आधी रोग पाठवता, आता सोनं पाठवता!"

"तोंड सांभाळून बोल!"

"ही जमीन कुणाची आहे ते आधी बघ!"

तिकडच्या दोघांनी खांद्यावरच्या बंदुका हातात घेतल्या. इकडच्या दुसऱ्या पोरग्यानंही घेतली. मी जवळनं बघितलं त्याला. मिसरूड फुटलेलं पोर ते, माझ्याइतकंच घाबरलेलं. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातली बंदूक म्हणजे... नको ते आठवायला.

मला काय झालं कुणास ठाऊक. भीती संपते तेव्हा संताप येतो, तसं झालं असावं. माझी पोर तिकडं तडफडतेय, आणि हे दोन देशांचे बाप्ये एका पुडीवरनं एकमेकांचा जीव घ्यायला उठलेत! ती पुडी खड्काच्या हातात, भर उन्हात. तिचं ओलं फडकं गवतात पडलेलं, ते माझ्या डोळ्यांदेखत सुकत होतं.

मी पिलरच्या चौथऱ्यापाशी गेले नि तिथं फतकल मारून बसले.

"ऐका!" मी ओरडले, हिंदीत, दोन्हीकडं ऐकू जाईल असं. "आमच्या धंद्यात पुडी फोडायची रीत आहे. एकटा कुणी फोडत नाही. देणाऱ्याकडचा एक माणूस, घेणाऱ्याकडचा एक माणूस, दोघं समोर बसतात नि दोघांच्या डोळ्यांदेखत शिक्का फुटतो. मग कुणी कुणाला चोर म्हणू शकत नाही. पुडी भारतातनं आलीय, तुमचा एक माणूस या. पुडी नेपाळात चाललीय, दाइ, तुम्ही या. सोनं निघालं तर मला इथंच बेड्या घाला. मी पळत नाही. पळायला जागा तरी कुठाय?"

कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग मी खड्काकडं बघून हळूच म्हणाले, "दाइ, तुमच्या घरी लेकरं आहेत."

खड्कानं पुडीकडं बघितलं. मग हनुवटीवरचा मास्क वर ओढला नि पलीकडं हाक मारली, "ए भाइ! तू साक्षीला येतोस?"

मिशीवाल्यानं मागं बघितलं, आपल्या माणसांना बंदुका खाली करायची खूण केली आणि आला. पिलरच्या त्या अंगाला तो, ह्या अंगाला खड्का. मधे मी. दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. खड्कानं पुडी चौथऱ्यावर ठेवली.

"फोडा."

मी विळ्याच्या टोकानं लाख उडवली. दोरा कापला. गुलाबी कागद उलगडला. आत पुन्हा ओलं फडकं, त्यात प्लॅस्टिकची डबी. झाकण काढलं. आत ओल्या कापसात नीट निजवलेल्या औषधाच्या बाटल्या. त्यावर छापलेली नावं.

"बघा!" मी म्हणाले. रडायलाच लागले होते. "बघा दोघं!"

मिशीवाल्यानं वाकून नाव वाचलं. "इन्शुलिन आहे," तो म्हणाला. "माझ्या बापाला लागतं."

मी कापूस चाचपला, बाटल्या थंड आहेत का बघायला. आणि माझ्या बोटांना डबीच्या तळाशी ते लागलं. कागदाची छोटीशी गुंडाळी, चिमटीएवढी. आत काहीतरी टणक, गोल.

मला बघायची गरजच नव्हती. भावजी, भावजी, काय केलंत हो हे! फक्त औषध म्हटलं होतं ना मी? पण लेकराकडं रिकाम्या हातानं जायचं नव्हतं ना त्यांना. वाढदिवस होऊन गेला होता.

मी ती गुंडाळी मुठीत धरायला गेले. घामानं हात ओले. कागद सुटला, नि मणी चौथऱ्याच्या दगडावर टिंग करून आपटला, उडाला आणि खड्काच्या बुटापाशी गवतात पडला. उन्हात एकदा चमकला. सोन्याची चमक मला दुरूनही कळते, खड्काला तर समोरच होती.

सोनं निघालं तर बेड्या घाला, हे माझेच शब्द.

"काय पडलं?" मिशीवाल्यानं विचारलं.

खड्कानं उजवा पाय उचलला नि सावकाश खाली ठेवला. मण्यावर.

"काही नाही," तो म्हणाला. "खडा उडाला. औषध आहे, बाकी काही नाही. मी तसंच सांगणार वर. तू?"

मिशीवाल्यानं त्या बुटाकडं बघितलं. मग खड्काच्या डोळ्यांत बघितलं, पहिल्यांदाच. मला वाटलं, आता हा म्हणणार, पाय उचल. घामाचा थेंब माझ्या नाकावरनं डबीच्या झाकणावर पडला.

"औषध," तो म्हणाला, नि वळून चालायला लागला.

"जा," खड्का माझ्याकडं न बघता पुटपुटला. "पळा. आणि परत ह्या बाजूला दिसू नका."

मी डबी ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरली. जाता जाता मागं बघितलं. तिकडं भावजींना सोडलं होतं. सदरा फाटलेला, उभे होते बांधावर. त्यांनी हात वर केला नि अंगठा नि बोट जुळवून दाखवलं, एवढा एवढा म्हणून. मणी मिळाला का, असं विचारत होते ते. एवढं रामायण झालं, नि ह्या माणसाला मण्याची पडलीय! मला हसू यावं की रडू, कळेना. मी मान डोलावली. मिळाला. त्यांनी दोन्ही हात जोडून डोक्याला लावले.

खड्का अजून तसाच उभा होता. पाय न हलवता.

तेजूला सुई दिली. हे नि मी तिच्या उशाशी बसून राहिलो. तिचं पाणी मागणं कमी कमी होत गेलं, तो गोड वास गेला, आणि दुसऱ्या दिवशी तिनं उठून बसून मऊ भात मागितला. भात खाता खाता विचारलंच, "मणी दिला का काकांनी?"

"दिला होता," मी म्हणाले. "पोलिसाच्या खिशात गेला."

मला तसंच वाटत होतं, का वाटू नये? सोनं पायाखाली आलं तर पाय कोण उचलतो? वर हेही म्हणाले, "जाऊ दे वनिता, पोरगी वाचली. त्याला दिला म्हणू." आणि मी म्हणाले, "दिला काय, लुबाडला." बाजारात खड्का समोरून आला तर मी तोंड फिरवायचे. त्यानं कधी हाक मारली नाही. पुढं आमच्या बाजारात औषध मिळायला लागलं आणि मैदानाचं कामच उरलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. दत्ता भावजी आजारी पडले, तेही फोनवरच कळलं. मग त्यांचा फोन लागेना. मग त्यांच्या दुकानातल्या कामगाराचा आला. समोरच्या बाजारात माझा दीर गेला, आमच्या गच्चीवरनं त्यांच्या दुकानाचं छप्पर दिसतं, आणि सख्ख्या भावाला अग्नी द्यायला जाता आलं नाही. हद्दीवरचं फाटक बंद. कामगारानं अग्नी दिला. ह्यांनी मोबाईलवर बघितलं नि मोबाईल पालथा ठेवला. रडले नाहीत. भट्टीपुढं जाऊन बसले, नि पुढं कितीतरी दिवस तसेच बसायचे. मी जित्याची खोड म्हणाले होते ना त्या मैदानात? ते शब्द माझ्या छातीत काट्यासारखे रुतून बसले. आजही आहेत.

आणि एका सकाळी खड्का दुकानात आला. बदली झाली होती त्याची. मला बघून उभाच राहिला.

"तुमचा दीर गेला असं ऐकलं," तो म्हणाला. "उंच होता. पांढरा सदरा."

मी तोंड फिरवलं.

"बहिनी, त्या दिवशीचं ते मी उचललं नाही," तो म्हणाला. "उचललं असतं तर मी चोर झालो असतो. तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही. म्हणून टाचेनं जमिनीत दाबलं, नि ड्युटी संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो. पिलरच्या आमच्या अंगाला, कोपऱ्यात. वर चपटा दगड ठेवलाय. इतके दिवस गस्तीला गेलो की आधी तो दगड बघायचो. आता मी चाललो. नंतर कोण येईल, कसा असेल, मला माहीत नाही." एवढं बोलून तो गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मी नि फुलमती गवताला गेलो. झाडाखाली नवीन माणसं होती, ती बघत होती. मी दगड सारला, तिथली माती मुळांसकट विळ्यानं उकरली नि बुट्टीत घालून वर गवत टाकलं. परत येईस्तोवर कुणी हटकलं नाही.

ती माती मी ह्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. हे उठले. घमेलं घेतलं, पाणी घेतलं नि धुवायला बसले. आमची माणसं सोनारांचा केर धुतात तशीच, हलक्या हातानं, हेलकावे देत. माती वाहून जात होती. हरिनाथ दूध घालायला आला होता, तो रस्त्यावर थांबून बघायला लागला. तेजू बापाच्या पाठीला टेकून उभी.

आणि घमेल्याच्या तळाशी मणी दिसला. एका बाजूनं जरासा चेपलेला, बुटानं.

कणभर सोनं मिळालं तरी आमचे हे आधी काट्यावर ठेवतात. बापाच्या हाताखाली शिकले तेव्हापासून ही सवय. त्या दिवशी काटा समोरच होता. ह्यांनी मणी तळहातावर घेतला, मूठ मिटली, आणि "दत्त्या रे... दत्त्या..." म्हणून असा टाहो फोडला की सगळा बोळ गोळा झाला. हरिनाथ लोटा खाली ठेवून सरळ आत आला नि ह्यांना मिठी मारून ओसरीवर बसला. वर्षभरानंतर तो पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत आला होता.

तेजू आता कॉलेजात आहे. फाटकही केव्हाच उघडलं. बोरमाळ तिच्या गळ्यात असते, शेवटचा मणी चेपलेलाच आहे, तिनं तो सरळ करू दिला नाही. पुढचे मणी करून देतो म्हणून हे दर वाढदिवसाला विचारतात. ती म्हणते, "नको पप्पा, माळ पुरी झालीय."